‘ला’ म्हणजे नेहमी ‘टू’ नाही: इंग्रजीत प्रिपोझिशन आणि ‘हू-व्हिच-व्हेअर’ पुन्हा पुन्हा चुकत असतील तर

तक्रार बहुतेकांची एकच असते. शब्द माहीत आहेत, काळ बरोबर जमतात, स्पेलिंगही फारसं चुकत नाही. पण ‘टू’ लावायचा का ‘फॉर’, ‘इन’ का ‘ॲट’, ‘व्हिच’ का ‘व्हेअर’, इथे आलं की हात थांबतो. याद्या पाठ करून परीक्षा निघून जाते आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच ईमेलमध्ये तीच चूक त्याच जागी पुन्हा होते. सोलापुरात मी बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून परदेशी टॉवेल पाठवणाऱ्यांची पत्रंही तपासून देते. वय वेगळं, काम वेगळं, चुका मात्र त्याच. इतक्या जणांची एकसारखी चूक निष्काळजीपणातून होत नाही. तिला कारण आहे, आणि ते आपल्या मराठीत आहे.

वाक्य मनात मराठीत तयार होतं. मग आपण नामाला लागलेला प्रत्यय सुटा करतो आणि त्याच्या जागी एक ठरलेला इंग्रजी शब्द बसवतो. ‘ला’च्या जागी ‘टू’, ‘वर’च्या जागी ‘ऑन’, ‘ने’च्या जागी ‘बाय’. शाळेतही बऱ्याच ठिकाणी असंच शिकवलेलं असतं. इंग्रजीत मात्र, जागा आणि वेळ सांगणारी वाक्यं सोडली तर, प्रिपोझिशन आधीच्या शब्दाकडे बघून ठरतं. तो शब्द क्रियापद असेल, विशेषण असेल किंवा नाम असेल. ‘मॅरीड’ला ‘टू’ लागतो, माणसावर ‘अँग्री’ असाल तर ‘विथ’ लागतं, गणितात ‘गुड’ असाल तर ‘ॲट’ लागतं. म्हणून अडलं की प्रश्न ‘इथे वर आहे का ला आहे’ असा विचारू नका. ‘माझ्या क्रियापदाला काय लागतं’ असा विचारा. दुसरा बिघाड ‘जो-तो’चा आहे. त्याकडे नंतर येते, कारण पहिला दुरुस्त झाल्याशिवाय तो पुरता सुटत नाही.

‘ला’ कुठे गळतो, कुठे राहतो

विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: पुन्हा स, ला, ते. चालीवर म्हणून पाठ केलेल्या या तक्त्यात दोन ओळी सारख्याच का, हे वर्गात फारसं कुणी विचारत नाही, पण बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच आहे. ‘मी त्याला बोलावलं’ यात ‘त्याला’ हे सरळ कर्म आहे. ‘मी त्याला पावती दिली’ यात कर्म पावती आहे आणि तो ती घेणारा आहे. मराठीत दोन्हीकडे ‘ला’. इंग्रजीत सरळ कर्माला काहीच लागत नाही: ‘आय कॉल्ड हिम’. घेणारा कर्माच्या नंतर आला तर त्याला ‘टू’ लागतो: ‘आय गेव्ह द रिसीट टू हिम’.

‘आय मेट टू हिम’, ‘आय आस्क्ड टू द मॅनेजर’, ‘प्लीज फोन टू मी’, ‘वी इन्फॉर्म्ड टू द पार्टी’, ‘वी रीच्ड टू पुणे’. या पाचही वाक्यांतला ‘टू’ काढून टाका, वाक्यं बरोबर होतात. मीट, आस्क, फोन, कॉल, टेल, इन्फॉर्म, हेल्प, रीच, फॉलो, रिझेंबल या क्रियापदांनंतर माणूस किंवा वस्तू थेट येते. ‘एक्स्प्लेन’ मात्र फसवतं. ‘टेल मी’ चालतं म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ लिहिलं जातं, आणि ते चालत नाही. तिथे ‘एक्स्प्लेन इट टू मी’ हवं. ‘से’चंही तसंच: ‘ही टोल्ड मी’, पण ‘ही सेड टू मी’. ‘सजेस्ट’ आणि ‘रिप्लाय’ यांनाही माणसाआधी ‘टू’ लागतो.

याची उलटी चूकही होते, आणि ती लवकर लक्षात येत नाही. ‘गाणं ऐक’, ‘चित्र बघ’ यांत मराठीत प्रत्यय दिसतच नाही, ‘बसची वाट बघ’ यात असतो तो ‘ची’. मग ‘लिसन द साँग’, ‘आय ॲम वेटिंग द बस’ अशी वाक्यं येतात. इंग्रजीत लिसनला ‘टू’, लुकला ‘ॲट’ आणि वेटला ‘फॉर’ हवाच. त्याच अर्थाच्या ‘अवेट’ला मात्र काही लागत नाही: ‘वी अवेट युवर रिप्लाय’. अर्थ सारखा असूनही प्रिपोझिशन बदलतं, यावरूनच ते शब्दाचं आहे, अर्थाचं नाही, हे कळतं.

‘गो टू होम’, ‘कम टू हिअर’, ‘गो टू देअर’ हे तिन्ही चुकीचे. होम, हिअर, देअर या जागी बसलेल्या शब्दांत ‘कडे’ आधीच आलेला असतो.

एकच शब्द, क्रियापद असताना वेगळा आणि नाम असताना वेगळा

हा भाग मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवते, कारण एकदा हा धागा हाती लागला की पाठांतराची निम्मी यादी फेकून देता येते. इंग्रजीत अशा पुष्कळ जोड्या आहेत ज्यांत क्रियापदाला प्रिपोझिशन लागत नाही, पण त्याच शब्दाचं नाम झालं की लागतं.

‘वी डिस्कस्ड द रेट’, पण ‘अ डिस्कशन अबाउट द रेट’. ‘वी ऑर्डर्ड फाइव्ह हंड्रेड चादर्स’, पण ‘ॲन ऑर्डर फॉर फाइव्ह हंड्रेड चादर्स’. ‘आय रिक्वेस्ट अ रिफंड’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर अ रिफंड’. ‘दे व्हिजिटेड सोलापूर’, पण ‘देअर व्हिजिट टू सोलापूर’. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. ‘शी एंटर्ड द हॉल’, पण ‘हर एंट्री इंटू द हॉल’. ‘लॅक’, ‘डिमांड’, ‘एम्फसाइज’ आणि ‘एम्फसिस’, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांचंही असंच आहे: ‘वी लॅक टाइम’ पण ‘लॅक ऑफ टाइम’, ‘इट अफेक्ट्स द प्राइस’ पण ‘इट्स इफेक्ट ऑन द प्राइस’.

‘डिस्कस्ड अबाउट’ आणि ‘ऑर्डर्ड फॉर’ या चुका कुठून येतात हे आता दिसेल. नामाबरोबर ऐकलेलं प्रिपोझिशन आपण क्रियापदाला जोडतो, आणि मराठीतला ‘दराबद्दल चर्चा केली’ हा ‘बद्दल’ त्याला जोर देतो. ‘डिस्क्राइब अबाउट’, ‘मेन्शन अबाउट’ याच मार्गाने येतात. ही जोडीची सवय लावायची असेल तर वहीत शब्द कधी एकटा उतरवू नका. ‘डिस्कस’ असं न लिहिता ‘डिस्कस द प्लॅन’ लिहा, आणि खाली ‘डिस्कशन अबाउट द प्लॅन’. दोन ओळी. अर्थ लिहिला नाही तरी चालेल.

‘कम्प्राइज’ आणि ‘कन्सिस्ट’ यांची गल्लत मात्र वेगळी आहे. ‘कन्सिस्ट्स ऑफ’ बरोबर, ‘कम्प्राइजेस ऑफ’ चूक. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ही काढून टाका.

ने, शी, वर

‘ने’ तीन कामं करतो. ‘बसने आलो’, ‘सुरीने कापलं’, ‘त्याने केलं’. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय बस’, दुसऱ्याला ‘विथ अ नाइफ’, आणि तिसऱ्यात वाक्य कर्मणी असेल तरच ‘बाय हिम’. हातात धरायची वस्तू असेल तर ‘विथ’, वाहतुकीचं साधन असेल तर ‘बाय’. पायी येणं मात्र ‘ऑन फूट’, ‘बाय वॉक’ नव्हे. आणि ‘बाय’नंतर वाहनाआधी ‘माय’ किंवा ‘द’ आलं तर ‘बाय’ जातो: ‘बाय कार’, पण ‘इन माय कार’.

‘शी’ याहून अवघड, कारण त्याचं उत्तर पूर्णपणे आधीच्या शब्दावर आहे. लग्न कुणाशी तरी होतं, पण ‘मॅरीड टू’. एखाद्याच्या मताशी सहमत असतो, तिथे ‘अग्री विथ’. संबंध एखाद्या गोष्टीशी असतो, तिथे ‘रिलेटेड टू’. भांडण कुणाशी झालं तर ‘क्वारल्ड विथ’. चार वाक्यांत एकच ‘शी’, इंग्रजीत दोनदा ‘टू’ आणि दोनदा ‘विथ’. इथे नियम शोधत बसण्यात वेळ जातो. जोड्या लक्षात ठेवाव्यात हेच बरं.

‘वर’साठी तीन वाक्यं पुरतील. ‘माझ्यावर रागावला’: ‘अँग्री विथ मी’. ‘देवावर विश्वास’: ‘बिलीव्ह इन गॉड’. ‘तुझ्यावर अवलंबून’: ‘डिपेंड ऑन यू’. ‘वर’ दिसला की ‘ऑन’ लावायचा, ही सवय तिसऱ्या वाक्यात बरोबर ठरते म्हणून पहिल्या दोन वाक्यांत मोडत नाही.

‘पेक्षा’ला ‘दॅन’ लावणाऱ्यांसाठी: सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर आणि प्रेफर यांना ‘टू’ लागतो. ‘शी इज सीनियर टू मी’, ‘आय प्रेफर टी टू कॉफी’. बँकेच्या पेपरात हे विचारणं परीक्षकांना फार आवडतं.

पासून आणि पर्यंत

‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’ यांत मराठीला फरक वाटत नाही. इंग्रजीला वाटतो. मोजता येणारा कालावधी असेल तर ‘फॉर’: ‘फॉर फाइव्ह इयर्स’. सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’: ‘सिन्स २०१९’. आणि दोन्हीबरोबर क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’ असं घ्यायचं, ‘आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स’ असं नाही. ‘फ्रॉम’ला बहुतेक वेळा शेवटही लागतो: ‘फ्रॉम टेन टू सिक्स’.

‘पर्यंत’ची चूक ऑफिसात महागात पडते. ‘सोमवारपर्यंत माल पाठवतो’ याचं आपण ‘वी विल सेंड द गुड्स टिल मंडे’ करतो. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते असं: सोमवारपर्यंत माल पाठवत राहणार, नंतर पाठवणं बंद. कारण ‘टिल’ हा चालू राहणाऱ्या कामाचा शेवट दाखवतो. मुदत दाखवायला ‘बाय’ लागतो: ‘बाय मंडे’. ‘ऑफिस उद्या सहापर्यंत उघडं आहे’ इथे काम चालू आहे, म्हणून ‘टिल सिक्स’. ‘अर्ज उद्या सहापर्यंत द्या’ इथे एकदाच देऊन काम संपतं, म्हणून ‘बाय सिक्स’. मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. अर्थ तोच राहिला तर ‘बाय’.

जागा आणि वेळ

इथे पुढच्या शब्दाकडेच बघायचं असतं, त्यामुळे हे सोपं आहे आणि लवकर आटपतं. शहर, पेठ, बंदिस्त जागा यांना ‘इन’: ‘इन सोलापूर’, ‘इन नवी पेठ’. रस्त्याला ‘ऑन’: ‘ऑन होटगी रोड’. नेमक्या ठिकाणाला, जसं एखाद्या चौकाला, ‘ॲट’: ‘मीट मी ॲट सात रस्ता’. सिद्धेश्वराचं मंदिर तळ्यात आहे, म्हणून ‘इन द मिडल ऑफ द लेक’. तळ्याकाठी असतं तर ‘ऑन द लेक’ किंवा ‘बाय द लेक’ म्हटलं असतं. प्रिपोझिशन बदललं की मंदिर काठावर जातं.

वेळेचंही तसंच. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ‘इन जॅन्युअरी’, संक्रांत ज्या दिवशी आहे तो दिवस आला की ‘ऑन’, आणि रात्री ‘ॲट नाइट’. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्याआधी मात्र काहीच नको: ‘नेक्स्ट मंडे’. ‘ऑन नेक्स्ट मंडे’ हे आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटत नाही, पण आहे. ‘ॲट द वीकेंड’ का ‘ऑन द वीकेंड’, ‘डिफरंट फ्रॉम’ का ‘डिफरंट टू’, हे ब्रिटिश-अमेरिकन भेद आहेत. त्यावर वर्गात वाद घालण्यात अर्थ नाही. परीक्षेला ‘डिफरंट फ्रॉम’ लिहा, ते दोन्हीकडे चालतं.

आता जो, जी, जे

मराठीत संबंध जोडायला दोन शब्द लागतात: ‘जो काल आला तो माझा भाऊ’, ‘ज्या दुकानातून चादर घेतली ते दुकान बंद झालं’. एक ‘ज’चा शब्द, एक ‘त’चा. इंग्रजीत एकच लागतो. आपण सवयीने दुसराही आणतो, आणि वाक्य असं होतं: ‘द शॉप व्हिच आय बॉट द चादर फ्रॉम इट हॅज क्लोज्ड’. तो ‘इट’ म्हणजे आपला ‘ते’. ‘द कॉलेज व्हेअर आय स्टडीड देअर’मधला ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’. ‘माय ब्रदर हू ही वर्क्स इन पुणे’मधला ‘ही’ म्हणजे ‘तो’. वाक्य लिहून झालं की हा जादाचा ‘त’ शोधा आणि खोडा.

सोलापुरात एक गोष्ट आणखी दिसते. अशोक चौक, साखर पेठ या भागांतल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड. या भाषांत संबंध दाखवायला बोलताना बहुधा ‘जो’सारखा शब्द वापरतच नाहीत. आपल्या ‘काल आलेला माणूस’सारखी रचना नामाच्या आधी येते. त्या घरातली मुलं ‘त’ जादा लावत नाहीत, ती ‘हू’च गाळतात: ‘द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल’. आणि कन्नडचा ‘गे’, तेलुगूचा ‘कि’ किंवा ‘कु’ आपल्या ‘ला’सारखंच काम करतो, त्यामुळे ‘आस्क्ड टू मी’ सगळ्यांचंच. चूक बघून घरची भाषा ओळखता येते, आणि मग उपाय नेमका सांगता येतो.

संबंधी शब्द निवडायचा एकच भरवशाचा उपाय मला माहीत आहे. वाक्याचे दोन तुकडे करा आणि दुसऱ्या तुकड्यात कोणता शब्द पुन्हा येतो ते बघा. ‘द हाउस इज ओल्ड. आय लिव्ह इन द हाउस.’ दुसऱ्या तुकड्यात ‘इन द हाउस’ आहे, म्हणजे ‘इन’सकट जागा आहे. म्हणून ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह’ किंवा ‘द हाउस इन व्हिच आय लिव्ह’ किंवा ‘द हाउस आय लिव्ह इन’. आता दुसरं बघा: ‘द हाउस इज ओल्ड. आय बॉट द हाउस.’ इथे ‘इन’ नाही, नुसतं कर्म आहे. म्हणून ‘द हाउस व्हिच आय बॉट’. ‘द हाउस व्हेअर आय बॉट’ चूक. मराठीत ‘जिथे’ सुचलं म्हणून ‘व्हेअर’ लावू नका. ‘व्हिजिट’ला प्रिपोझिशन लागत नाही हे वर पाहिलं, म्हणून ‘द प्लेस व्हिच आय व्हिजिटेड’. ‘गो’ला ‘टू’ लागतो, म्हणून ‘द प्लेस व्हेअर आय वेंट’. पहिला बिघाड आधी दुरुस्त करा म्हटलं ते यासाठी. क्रियापदाला काय लागतं हे माहीत नसेल तर ‘व्हिच’ का ‘व्हेअर’ हे ठरवताच येत नाही.

याच तुकड्यांच्या रीतीने प्रिपोझिशन हरवण्याचा प्रश्नही सुटतो. ‘ज्या माणसाशी मी बोलले’ यात ‘शी’ माणसाला चिकटलेला आहे, तो इंग्रजीत येताना गळतो आणि ‘द मॅन हू आय स्पोक’ उरतं. तुकडा करा: ‘आय स्पोक टू द मॅन’. ‘टू’ आहे, तर तो कुठेतरी ठेवायलाच हवा: ‘द मॅन हू आय स्पोक टू’ किंवा ‘द मॅन टू हूम आय स्पोक’. प्रिपोझिशन आधी आणलं तर ‘हू’चं ‘हूम’ होतं. ‘दॅट’ प्रिपोझिशननंतर कधीच येत नाही, ‘द हाउस इन दॅट आय लिव्ह’ हे इंग्रजी नाही.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवू नये, असं अनेकांना शाळेत बजावलेलं असतं. इंग्लंडमध्ये कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये याला नावं ठेवली आणि पुढच्या व्याकरणकारांनी त्याचा नियम केला. बोलणाऱ्यांनी आणि बऱ्याच चांगल्या लेखकांनी तो फारसा पाळला नाही. ‘द चेअर आय वॉज सिटिंग ऑन’ हे निर्दोष इंग्रजी आहे. अर्जात किंवा औपचारिक पत्रात ‘ऑन व्हिच’ शोभतं, एवढाच फरक.

‘जे’चं ‘व्हॉट’ कधी आणि ‘दॅट’ कधी, याचीही खूण मराठीतच आहे. ‘त्याने जे सांगितलं ते खरं आहे’ यात ‘जे’च्या आधी नाम नाही, तर ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’. आधी नाम किंवा ‘सगळं’सारखा शब्द असेल तर ‘दॅट’: ‘एव्हरीथिंग दॅट ही सेड’. ‘एव्हरीथिंग व्हॉट’ चूक. ‘ज्याचा’साठी ‘हूज’ माणसाला लागतो तसाच वस्तूलाही लागतो: ‘अ मिल हूज चिमनी इज स्टिल स्टँडिंग’. ‘व्हिच इट्स चिमनी’ लिहायची गरज नाही.

स्वल्पविराम

सोलापुरातली मुलं दोन विषयांवर हमखास निबंध लिहितात, डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि चार हुतात्मे. स्वल्पविराम शिकवायला हे दोन विषय पुरतात. ‘डॉ. कोटणीस, हू वॉज बॉर्न इन सोलापूर इन १९१०, वेंट टू चायना इन १९३८.’ डॉ. कोटणीस कोण ते नावातच कळलं आहे, जन्माची माहिती जादाची आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम, आणि आत ‘दॅट’ चालत नाही. दुसरं वाक्य: ‘द फोर मेन हू वेअर हँग्ड ऑन १२ जॅन्युअरी १९३१ वेअर फ्रॉम सोलापूर.’ इथे ‘हू’पासूनचा भाग काढला तर कोणते चौघे ते कळतच नाही. म्हणून स्वल्पविराम नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ही नावं आधीच्या वाक्यात आली असतील, तर मात्र ‘हू’आधी स्वल्पविराम येईल. वर्षाला ‘इन’ आणि तारखेला ‘ऑन’ हेही या दोन वाक्यांत दिसतंच.

जाता जाता, पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस त्यांच्या नावावरून आहे, तर ‘नेम्ड ऑन’ नाही, ‘नेम्ड आफ्टर’.

‘की’

‘त्याने विचारलं की माल कधी येणार’. हा ‘की’ आपण ‘दॅट’ करतो: ‘ही आस्क्ड दॅट व्हेन विल द गुड्स कम’. विचारलं असेल आणि पुढे व्हेन, व्हेअर, व्हाय असा शब्द असेल तर ‘दॅट’ गाळा आणि क्रियापद सरळ क्रमाने लिहा: ‘ही आस्क्ड व्हेन द गुड्स वुड कम’. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’.

एक पत्र सोडवून बघू

टॉवेलच्या व्यवहारातल्या पत्रांत ज्या चुका नेहमी भेटतात त्या एकत्र करून हे पत्र मी तयार केलं आहे.

‘वी हॅव डिस्पॅच्ड द टॉवेल्स व्हिच यू ऑर्डर्ड देम ऑन लास्ट मंडे. युवर कलीग हू आय स्पोक ऑन फोन आस्क्ड टू मी दॅट व्हेन विल द सेकंड लॉट बी रेडी. वी विल सेंड इट टिल द ट्वेंटिएथ. प्लीज रिप्लाय अस अबाउट द पेमेंट.’

पहिल्या वाक्यात ‘देम’ हा जादाचा ‘ते’, आणि ‘लास्ट’आधी ‘ऑन’ नको. दुसऱ्यात ‘स्पोक’चा ‘टू’ हरवलाय आणि ‘आस्क्ड’ला नको असलेला ‘टू’ मिळालाय. एकाच ओळीत दोन्ही प्रकार. ‘दॅट व्हेन विल’ हा ‘की’. फोनआधी ‘द’ हवा. ‘टिल’ची जागा ‘बाय’ची आहे. ‘रिप्लाय’ला माणसाआधी ‘टू’ लागतो. क्रियापदांना त्यांचं त्यांचं दिलं की पत्र असं होतं:

‘वी हॅव डिस्पॅच्ड द टॉवेल्स यू ऑर्डर्ड लास्ट मंडे. युवर कलीग, टू हूम आय स्पोक ऑन द फोन, आस्क्ड मी व्हेन द सेकंड लॉट वुड बी रेडी. वी विल सेंड इट बाय द ट्वेंटिएथ. प्लीज रिप्लाय टू अस अबाउट द पेमेंट.’

‘व्हिच’ मी गाळला, कारण तो कर्माच्या जागी होता आणि कर्माच्या जागचा ‘व्हिच’, ‘दॅट’ किंवा ‘हू’ इंग्रजीत सहज गळतो. कर्त्याच्या जागचा मात्र गाळता येत नाही, म्हणून ‘द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल’ चुकतं. लिहिताना एखाद्या शब्दाला काय लागतं असा संशय आला तर ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनची विद्यार्थ्यांसाठीची डिक्शनरी मोबाइलवर उघडा. तिघींच्याही फुकट वेबसाइट आहेत. तिथे शब्दाच्या अर्थाशेजारीच त्याला लागणारं प्रिपोझिशन आणि उदाहरण दिलेलं असतं. आपल्या साध्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत बहुधा ते मिळत नाही.

या पत्रात एक गोष्ट लिहिणाऱ्यानेच ठरवायची आहे. ‘युवर कलीग’नंतरचा स्वल्पविराम तेव्हाच बरोबर, जेव्हा वाचणाऱ्याला कोणता सहकारी ते आधीच माहीत आहे. त्या कंपनीत तुमच्याशी तिघेचौघे बोलत असतील, तर ‘द कलीग आय स्पोक टू ऑन द फोन’ असं, स्वल्पविरामाशिवाय लिहा. नाव माहीत असेल तर सरळ नावच लिहिलेलं चांगलं.